दीपगृहाचा पडदा

सूर्य कलला की जुन्या धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा उरत नसे. समोरच्या बंद दीपगृहातला दिवा कधीच काढून नेला होता, तरी वर लख्ख उजेड पेटे आणि हजार हात जोडले जात.

"रखवालदार मेला, पण ड्युटी सुटली नाही!" महाराज गर्जत. "वरचा हुकूम आहे, बाबांनो!"

"आम्हाला मात्र जिवंतपणीच घरी बसवलं," फेरीबोटीचा म्हातारा तांडेल पुटपुटे.

पुढच्या रांगेत रखवालदाराची बायको बसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तेवढा झगझगाट मात्र तिला दिसे. नवऱ्याने त्या दिव्यावर चाळीस वर्षं फेरीबोटी सुखरूप धक्क्याला लावल्या. मग पूल झाला, बोटी थांबल्या, दिवा उतरवला. वर्षाच्या आत तोही गेला. आता रोज संध्याकाळी तो परत येत होता. "डोळे कापून घेतलेस तर दर्शन बंद," महाराजांनी बजावलं होतं. ऑपरेशनची तारीख दोनदा टळली. आणखी लांबवलं तर नजर कायमची जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

लेक शाळेत शिकवायची. देवाला मनापासून मानणारी. पण ढगाळ संध्याकाळी दिवा लागत नाही, हे तिने हेरलं. "कुणाच्या तरी मनात किंतू आहे," महाराज म्हणत. किंतू आभाळाच्याच मनात असणार, तिला वाटलं.

एका दुपारी खुंटीवरची वडिलांची किल्ली घेऊन ती वर चढली. माणसाएवढं भिंग जागच्या जागी होतं. भोवतीच्या कड्या रिकाम्या. वडील रोज सकाळी तिथे पडदा ओढत. "पोरी, भिंगाला ऊन दाखवू नये. दिव्याशिवाय दिवा पेटतो."

संध्याकाळी ती आईच्या कानाशी लागली. "आई, मावळतीचं ऊन भिंगात गोळा होऊन इकडे बाहेर पडतं गं. पडदा कुणीतरी काढलाय."

आई उठली. चाचपडत पुढे झाली, महाराजांच्या आसनाला तिने हात लावला. जाड कापड. बोटं शिवणीवरून सरकत एका ठिगळाशी थांबली.

"हे माझ्या हातचं. ह्यांच्या पडद्याचं."

"माई, ते तर प्रसादाचं वस्त्र..."

"उठा, महाराज."

वर उजेड पेटला. आईने तो डोळे भरून पाहिला. मग पडदा लेकीच्या हाती दिला. "जा. ओढ."

पडदा ओढला, उजेड गेला. सारला, आला. पुन्हा ओढला. महाराजांनी केव्हा काढता पाय घेतला ते कुणाला कळलं नाही. हसलं मात्र कुणीच नाही.

लेक खाली आली तेव्हा आई काळ्या मनोऱ्याकडे तोंड करून उभी होती.

"आज दुसऱ्यांदा गेले गं," ती म्हणाली. मग लेकीचा हात धरून तिने विचारलं, "डॉक्टरांकडे उद्या जायचं का?"

उजेड देण्यासाठी देव कुणाचे डोळे मागत नाही. जो मागतो, त्याच्या पाया पडण्याआधी त्याचं आसन एकदा चाचपून बघावं.