एकशे एक्केचाळीस वेळा हरवलेली काठी

बसमध्ये माणूस काय विसरेल याचा नेम नाही. छत्री विसरतो, डबा विसरतो, एका पायातला बूट विसरून दुसऱ्या पायातल्या बुटावर लंगडत घरी जातो. पण चौकटीसकट दरवाजा विसरणारा कोण असेल, आणि घरी जाऊन तो कशातून आत शिरला असेल, हे कोडं बस आगाराच्या हरवले-सापडले खिडकीमागे सात वर्षं भिंतीला टेकून उभं होतं. त्याच्या शेजारी एक घड्याळ होतं. ते बसमध्ये सापडलेलं, त्यामुळे वीस मिनिटं उशिरा चालायचं. कितीही वेळा नीट लावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसच्या वळणावर. काचेच्या बरणीत एक कवळी होती. मावशींचं म्हणणं, साहेब खोलीत आले की ती मिटते.

मावशी म्हणजे त्या खिडकीवरच्या कारकून. बावीस वर्षं एकाच स्टुलावर बसत होत्या. स्टुलाला त्यांचा आकार आला की त्यांना स्टुलाचा, यावर आगारात दोन तट होते. त्यांच्यापासून चार हातांवर, त्या दरवाजाला पाठ लावून, जुन्या कॉम्प्युटरपुढे बसली होती संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी. कॉलेजने तिला आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपला पाठवलं होतं. तिला वाटलं होतं काचेची इमारत असेल, गळ्यात कार्ड असेल. कार्ड मिळालं, पण त्यावर आधीच्या वर्षीच्या मुलाचा फोटो होता. पहिल्याच दिवशी मावशींनी तिचं नाव विचारलं, नीट ऐकून घेतलं, आणि 'आकडेबाई' असं दुसरंच ठेवून दिलं.

काम सांगायला आगाराचे साहेब स्वतः खाली आले.

"तीन वर्षांच्या नोंदी आहेत, चार हजार शंभर," ते म्हणाले. "वहीवरून टाइप केल्यात, गचाळ आहेत. साफ करा. आलेल्या वस्तूंपैकी शेकडा किती मालकाकडे परत गेल्या, तेवढा आकडा द्या. मुख्य कार्यालयाला हवाय."

"कशासाठी, सर?"

"तीसच्या खाली असला तर खिडकी बंद. त्याऐवजी एक फोन नंबर देतील." मग आवाज खाली आणून, "मावशींना एवढ्यात सांगू नका."

मावशी तिथेच एका मोज्याचा जोडीदार शोधत होत्या. बावीस वर्षं खिडकीवर काढलेल्या बाईचे कान कसले असतात, हे साहेबांना कळायला हवं होतं. खिडकी गेली की मावशींची बदली गावाच्या पार दुसऱ्या टोकाला: दीड तास जायला, दीड तास यायला, आणि निवृत्तीला तीन वर्षं बाकी. त्या यातला चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून आकडेबाईच्या चहात साखर घालायला विसरू लागल्या.

मुलगी कामाला वाघ होती. 'काळी छत्री', 'छत्री काळी' आणि 'छत्री, जुनी, काळीच म्हणायची' यांना तिने एका रांगेत बसवलं. ज्या नोंदीपुढे नुसतं 'ते' एवढंच लिहिलं होतं, ते काय होतं हे मावशींकडून काढून घेतलं. मग कॉलेजात शिकवलेला नियम लावला: वस्तू तीच, वर्णन तेच, मालक तोच, तर ती नोंद दुबार, एक ठेवायची, बाकीच्या काढायच्या. मशीनने एका घासात एकशे चाळीस ओळी गिळल्या. उरलेल्यांचा हिशेब केला तर शेकडा एकोणतीस.

सहाव्या आठवड्याच्या सोमवारी तिने साहेबांना तोंडी सांगितलं. "छान," साहेब म्हणाले. "शुक्रवारी लिहून द्या. त्याच दिवशी तुमच्या प्रमाणपत्रावर सही करतो."

ती खाली आली तेव्हा मावशी चष्मा कपाळावरून नाकावर उतरवून तिच्या स्क्रीनपुढे वाकल्या होत्या.

"आजोबांची काठी एकदाच दिसतेय इथे."

"काठी एकच आहे ना, मावशी. लाकडी, मुठीला पितळी कडं. एकशे एक्केचाळीस ओळी होत्या. कुणीतरी पुन्हापुन्हा टाइप केल्यात."

"कुणीतरी नाही, मी. विसरला तितक्यांदा लिहिलं."

"एकशे एक्केचाळीस वेळा विसरले?"

"दर मंगळवारी विसरतो मेला, दर बुधवारी येऊन घेऊन जातो. दोरी बांधून दिली, ती सोडून टाकली. नावाची चिठ्ठी चिकटवली, ती गायब. काठी एकच असेल बाई, पण हरवणं एकच आहे का?"

मुलीने ओळी परत घालून पाहिल्या. एकतीस. काढल्या, एकोणतीस. पुन्हा घातल्या. आकडा काही लाजला नाही, एकतीस म्हणाला. म्हणजे मावशींची खिडकी इतकी वर्षं भिंतीत नव्हतीच. ती त्या काठीच्या टेकूवर उभी होती.

बुधवारी अकराला तिने खिडकीतून आजोबांना बसमधून उतरताना पाहिलं. आवारात ऑइलचं थारोळं साचलं होतं. आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ऐन तिशीतल्या गड्यासारखी त्यावरून उडी मारली. खिडकीपासून दहा पावलांवर आले आणि मग त्यांचा डावा पाय दुखायला लागला.

"आजोबा," मुलगी म्हणाली, "तुम्हाला काठी कशाला लागते?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग थारोळ्याकडे. "विसरायला," तो म्हणाला.

मावशींच्या हातातली काठी हातातच राहिली.

"मी इथलाच तपासनीस. एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो, बसमध्ये राहिलेलं परत मिळतं. निवृत्त झालो आणि एका दुपारी मनात आलं, आपण हे खरं सांगत होतो की थापा मारत होतो? कधी तपासलंच नाही. सगळ्या गावाची तिकिटं तपासली, एवढं सोडून." त्यांनी खिशातून एक वही काढली. तारीख, बसचा नंबर, कितवं बाक, आली की नाही. "दर मंगळवारी वेगळ्या बसमध्ये सोडायची. दीडशे वेळा सोडली."

"नोंदी तर एकशे एक्केचाळीस आहेत."

"नऊ गेल्या. ओळखीचा सुतार हुबेहूब नवी करून देतो. तो समजतो मी काठ्या खातो."

मावशी आता बोलल्या, आणि अगदी हळू बोलल्या. "म्हणजे तीन वर्षं तुम्ही माझी परीक्षा घेत होतात."

"तुमची नाही हो, कंडक्टरांची."

"आणि मी इकडे तुमच्या बायकोला निरोपावर निरोप धाडत होते, यांना डॉक्टरला दाखवा म्हणून."

"दाखवलं की तिने. डॉक्टर म्हणाला, स्मरणशक्ती उत्तम आहे. तेव्हापासून तिचा डॉक्टरवरचा विश्वास उडाला."

मावशी हसल्या नाहीत. बावीस वर्षांत त्यांनी लोकांना भलतंसलतं विसरताना पाहिलं होतं, पण मुद्दाम विसरणारा भेटला की आधीच्या प्रत्येक बुधवारची कीव वाया गेल्यासारखी वाटते. मुलीने घाईघाईने मधे तोंड घातलं.

"आजोबा, मी त्या ओळी परत घालते. एकतीस होतात. खिडकी वाचते."

"घालू नकोस," आजोबा म्हणाले. "मीच टाकलेली, मीच न्यायला येणार हे ठरलेलं. त्याला कुणी परत मिळाली म्हणतं का? आयुष्यभर मी खोटी तिकिटं पकडली, पोरी. आता स्वतःचं खपवू?"

"वा," मावशी म्हणाल्या. "काठी तुमची, तत्त्व तुमचं, आणि बदली माझी." त्यांनी काठी खिडकीतून बाहेर सरकवली आणि वहीत सही घेतली. सही मात्र घेतलीच.

त्या संध्याकाळी मुलगी घरी पाय मुडपून बसली होती. आई शिवणकाम करायची. शाळेच्या गणवेशांचा ढीग मशीनपाशी पडला होता, आणि नवा दोरा ओवून आई आधी एका चिंधीवर टीप मारून बघत होती.

"आई, ती चिंधी तू कापडात धरतेस का?"

"चिंधी कशाला धरू कापडात?"

"मग फेकून द्यायची?"

"आधी बघायची, मग फेकायची. मशीन कसं शिवतंय ते चिंधीच सांगते. ते गिऱ्हाइकाच्या कापडावर कळलं तर गिऱ्हाईक सांगतं, आणि ते फार मोठ्याने सांगतं."

"आई," कोपऱ्यातून दादा म्हणाला, "ती कपड्यांबद्दल बोलत नाहीये. गेले सहा आठवडे हिच्या स्वप्नातसुद्धा छत्र्या येताहेत."

मुलगी मात्र चिंधीकडेच बघत राहिली. चार हजार नोंदींमध्ये खिडकीपर्यंत काय पोचलं ते होतं. बसमध्ये सुटलं किती, याचा पत्ता जगात कुणालाच नव्हता. ते फक्त एका वस्तूबद्दल माहीत होतं. सुटली दीडशे वेळा, पोचली एकशे एक्केचाळीस वेळा, म्हणजे शेकडा चौऱ्याण्णव. ती काठी एकतीसच्या आकड्यात बसवली तर खोटी ठरत होती आणि दुबार म्हणून पुसली तर वाया जात होती. तिची जागाच वेगळी होती. आणि वस्तू जर खिडकीपर्यंत येत होत्या, तर मालक का येत नव्हते?

दुसऱ्या दिवशी तिने आगारातून सुटणाऱ्या एकोणीस बसगाड्या आतून पाहिल्या. हरवलेलं कुठे मिळेल, हे एकीतही लिहिलेलं नव्हतं. पाटी होती ती वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला, टायरांच्या ढिगामागे. एखाद्याचा टायरच हरवला असता तर त्याला ती नक्की दिसली असती.

शुक्रवारी साहेबांनी कागद हातात घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"मी एक आकडा मागितला होता. दोन दिले की वर कुणी वाचत नाही."

"एकोणतीस खराच आहे, सर. काठी त्यात धरलेली नाही, तिचे चौऱ्याण्णव वेगळे. पण तो आकडा एकटा पाठवला तर वाटेल, आपल्याकडे वस्तू येऊनही काही होत नाही. होत नाही ते पाटी कुणाला दिसत नाही त्यामुळे. खिडकीमुळे नाही."

"आणि हा काठीवाला कोण?"

तिने आजोबांकडून मागून आणलेली वही पुढे केली. साहेबांनी अक्षर ओळखलं असावं, कारण त्यांचा हात आपोआप शर्टाच्या कॉलरकडे गेला आणि वरचं बटण लावून आला. साहेब तरुणपणी कंडक्टर होते, आणि बटण उघडं म्हणून याच तपासनिसाने त्यांना भर रस्त्यात बसमधून उतरवलं होतं. बस तशीच पुढे गेली होती, विनाकंडक्टर, आणि म्हणे त्या दिवशी पहिल्यांदा वेळेवर पोचली होती.

"नऊ काठ्या गेल्या," साहेब वाचत म्हणाले. "कोणत्या बसमधून, तेही लिहिलंय."

"हो."

त्यांनी वही मिटली. मग कागद पाकिटात घातला, आणि प्रमाणपत्र सही न करता ड्रॉवरमध्ये. "वरून उत्तर येऊ दे," एवढंच म्हणाले.

ते दोन आठवडे मुलीला फार जड गेले. प्रमाणपत्राशिवाय वर्ष पुढे सरकणार नव्हतं, आणि मावशी तिच्याशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नव्हत्या. शेवटच्या दिवशी पत्र आलं. खिडकीला सहा महिने मुदत; प्रत्येक बसमध्ये पाटी लावा, मग पुन्हा मोजा. वाचली म्हणता येणार नाही, पण मेलीही नाही. प्रमाणपत्रात 'कामाचे स्वरूप' या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: एक आकडा मागितला, दोन दिले. खाली सही होती. मावशींनी चहा आणला. पहिल्या घोटातच मुलीच्या ध्यानात आलं की आठ आठवड्यांची सगळी साखर याच कपात घातलेली आहे.

आजोबा मात्र तोंड पाडून आले, आणि काठी हातात घेऊन आले.

"तू माझा पेपर फोडलास," ते म्हणाले. "तुझ्या कागदाची प्रत साहेबांनी कंडक्टरांच्या खोलीत लावलीय. मंगळवारी काठी सोडून उतरलो, तर तीन कंडक्टर माझ्यामागे धावत आले. त्यातला एक तर दुसऱ्या बसचा. आता या काठीचा काही उपयोग राहिला नाही. टेकायच्याच लायकीची उरली."

मुलगी ओशाळली. खरंच होतं ते. माहीत झालेली परीक्षा ही परीक्षा राहत नाही, हे तिच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात होतं.

आजोबांनी वही तिच्यापुढे सरकवली. निम्मी पानं कोरी होती. "तुझ्या घरी एखादी वस्तू आहे का? तुझी म्हणून कुणी ओळखणार नाही अशी?"

तिने विचार केला. "आहे."

पुढच्या मंगळवारी कॉलेजला जाताना ती एका बसमध्ये चढली, दोन थांब्यांनंतर उतरली, आणि एक वस्तू बाकावर राहिली. वहीत तिने तारीख लिहिली, बसचा नंबर लिहिला, आणि शेवटचा रकाना कोरा ठेवला. वस्तू कोणती, कोणत्या रंगाची, कितव्या बाकावर, यातलं काहीही इथे सांगण्यात अर्थ नाही. कंडक्टरही गोष्टी वाचतात.