टेकूपासूनचं अंतर

आरतीचं गणित बरोबर होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवसापासून गावात जो उठतो तो काहीबाही बोलतोय आणि मला त्याचा वीट आलाय.

बेलापूरजवळच्या एका शाळेत मी नववीला विज्ञान शिकवतो. एकवीस वर्षं झाली. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की पाथर्डीकडून टोळ्या येतात, शेताकडेला पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडतात आणि त्यांतली दोन-चार मुलं आमच्या वर्गात येऊन बसतात. खरं सांगायचं तर मला ती नकोशी वाटत. अर्धा अभ्यासक्रम उरकलेला असतो आणि मार्चमध्ये ती निघूनही जातात. आरती तशीच आली. पण ही पोरगी प्रश्न विचारायची.

"सर, भरली ट्रॉली चढाला लागली की ट्रॅक्टरचं तोंड वर का उठतं?"

एकवीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. बघितलेलं मात्र सगळ्यांनी होतं. शेतातून पाटाच्या भरावावर चढताना मागचा ऊस असा ओढतो की पुढची चाकं अधांतरी होतात. मग ड्रायव्हर हाक मारतो आणि तोडणीतले दोन गडी बॉनेटवर जाऊन बसतात, नुसते वजनाला.

मी खुशीत आलो. पेन्सिलीवर फूटपट्टी ठेवली, एका टोकाला डस्टर ठेवला, दुसऱ्या बाजूला खोडरबर सरकवत नेलं. म्हटलं, मागच्या चाकांचा आस म्हणजे टेकू. टेकूपासून जितकं लांब बसाल तितकं तेच वजन जास्त काम करतं.

आरती फूटपट्टीकडे बघत राहिली. "म्हंजी दोघं बॉनेटवर बसत्यात, त्याच्यापरीस एकच गडी दुप्पट लांब बसला तरी भागंल?"

"भागेल!" मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तिच्या वहीत लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं.

घंटा झाली. मी हाताचा खडू पुसत दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून तिचा आवाज आला. "आन् सर, वर बसलेल्या माणसाचं काय हुतं? गाडी एकदम थांबली तर?"

स्टाफरूममध्ये चहा आला होता. "ते पहिल्या धड्यात आहे, गतीचे नियम. जूनमध्येच झाला तो. पुस्तक काढ आणि वाच."

पुस्तकं जूनमध्ये वाटली होती. तिच्याकडे नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी काय झालं ते मला ट्रॅक्टर चालवणाऱ्या गोरक्षनं सांगितलं. सांगताना तो रडत होता. मुकादम गहिनीनाथला घाई होती, म्हणून ट्रॉली नेहमीपेक्षा वर भरलेली. गोरक्षनं दोन गड्यांना हाक मारली, तर आरतीचा बाप बिभीषण एकटाच पुढं आला. "माझ्या पोरीनं हिसाब काढलाय. एकच गडी लागतो. दुसऱ्याला मोळ्या उचलू द्या." असं म्हणून तो बॉनेटवर न बसता अगदी पुढच्या बंपरवर जाऊन बसला. तिथं धरायला काहीच नसतं.

"सर, तोंड उठलंच न्हाई. बिभीषणभाऊ माझ्याकडं बघून हसत हुते."

भरावाच्या माथ्याशी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी पिन तुटली. मागचा ओढा एकाएकी सुटला आणि ट्रॅक्टरनं पुढं उसळी घेतली. समोर पाट दिसला तसा गोरक्षनं घाबरून कचकन ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबला. बिभीषण थांबला नाही. पाटाच्या सिमेंटवर डोकं आपटलं आणि तो जागीच गेला.

पोरीच्या शाळेनं बाप खाल्ला, असं टोळीतले लोक तिच्या तोंडावर म्हणू लागले. मला संताप आला. ट्रॉली कुणी भरली, झिजलेली पिन कुणी चालवून घेतली, हे कुणी विचारत नव्हतं. पण संतापाच्या खाली भीती होती. चौदा वर्षांची पोर हे ओझं जन्मभर वाहणार. म्हणून मी ठरवलं, तिच्यापुढं खोटं बोलायचं. दहाव्यानंतर मी विज्ञानाचं एक पुस्तक घेऊन उसाच्या फडावर गेलो.

टोळीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. तो पुरा करायला आरती आईच्या, राहीबाईच्या, शेजारी उभी होती. हातात बापाचा कोयता होता. मूठ तिच्या हाताला मोठी पडत होती.

"आरती, त्या दिवशी मी चुकीचं शिकवलं. तुझं उत्तर चुकलं होतं, तरी मी 'उत्तम' दिलं. दोष माझा आहे."

तिनं कोयता खाली केला. "तोंड उठलं न्हाई, सर. उत्तर बरोबर हुतं."

मी पुस्तक पुढं केलं. तिनं हात ओढणीला पुसले, पहिला धडा काढला आणि उभ्यानंच वाचला. ओठ हलत होते. वस्तूवर बाहेरून बल लागलं नाही तर ती आहे तशीच राहते. चालत असेल तर चालतच राहते.

"हे जूनमदी झालं व्हय?"

"हो."

"म्हंजी वर्गातल्या समद्यांना ठावं हुतं."

"हो."

तिनं त्या मजकुरावर बोट ठेवलं. "दोनच वळी हायत, सर. तवा सांगायच्या हुत्या."

"आरते, मोळी बांध," राहीबाईनं हाक मारली. मला वाटलं होतं आरती रडेल, निदान रागवेल. तिनं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि वाकून मोळी बांधायला घेतली.

मी बांधावर उभा राहून त्या दोन ओळी मनात म्हणून पाहिल्या. एकवीस वर्षं तोंडपाठ आहेत. अर्धं मिनिटही लागत नाही. चहा तेवढ्यात निवला नसता.