लाल पेन्सिलीच्या ओळी

भिंगरीचा फोन आला तेव्हा मास्तरीण एका काखेत ठमीला धरून वाटीत केळं कुस्करत होती. फोन कान आणि खांदा यांच्या चिमटीत.

"ताई, आधी बस बघू."

"बसायला मिळालं असतं तर उभी कशाला राहिले असते? बोल."

"आम्ही चाललोय! कॅलेंडरातल्या शहरात. पुढच्या महिन्यात, चांगले पाच दिवस."

केळ्यातला चमचा तिथेच थांबला. ठमीने, म्हणजे तिच्या सात महिन्यांच्या लेकीने, संधी साधून वाटीत हात घातला आणि तो आईच्या केसांना पुसला.

मास्तरीण काही शाळेत शिकवत नव्हती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम, आणि बाळंतपणापासून तेही सुटीवर. लहानपणी ती धाकटीला सतत काहीतरी समजावत असे म्हणून हे नाव पडलं, आणि धाकटी एका जागी ठरत नसे म्हणून ती भिंगरी.

लहानपणी ते कॅलेंडर त्यांच्या जेवायच्या टेबलाच्या वर, भिंतीला लटकलेलं असे. त्यातला एकच महिना वर्षभर उघडा: खाडीकाठी चढत गेलेली घरं, तिन्ही बाजूंना डोंगर, आणि घरांच्या परसापर्यंत उतरून आलेलं जंगल. जहाजावर स्वयंपाकी असलेला मामा म्हणायचा, "तिथे रस्ता संपला की पाणी लागतं, नाहीतर झाडं लागतात. तिसरं काही नाही." मामाला खोदून खोदून विचारत दोघींनी एका वहीत जाण्याचा बेत लिहिला होता. नियम मास्तरणीचा: एक ओळ तुझी, एक माझी. थोरली नऊ वर्षांची, तिची लाल पेन्सिल. धाकटी सहाची, तिची निळी. आणि जायचं ते दोघींनी मिळून.

"ताई? ऐकतेयस ना? ती आपली वही दे ना मला. तीच घेऊन फिरेन म्हणते."

"वही? अगं, घर बदललं तेव्हाच कुठे गेली कोण जाणे."

थाप इतकी सफाईने बाहेर पडली की मास्तरणीलाच नवल वाटलं.

"मग आठवून लिहून दे. तुला सगळं तोंडपाठ असेल."

"बघते," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर पोटात जे दुखू लागलं त्याला औषधाच्या दुकानात गोळी मिळत नाही.

वही तिच्यापासून चार पावलांवर होती. पाळण्याचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली घडी घालून सारलेली. दुपारी ठमी झोपली तशी तिने ती हळूच ओढली. पाळणा एकदा डुगडुगला. लेक झोपेतच ओठ चोखत राहिली, मूठ गालाशी, जणू काही महत्त्वाचा विचार चाललाय. त्या मुठीकडे मास्तरीण थोडा वेळ बघत बसली, मग तिने पेन उचललं.

वहीत बरंच काही नंतरचंही होतं. बोटीच्या वेळा बदलल्या की ती जुन्या खोडून नव्या लिहायची. इतक्या वर्षांत सात वेळा. शेवटची दुरुस्ती दोन महिन्यांपूर्वीची, ठमीला पाजता पाजता केलेली, म्हणून अक्षर वाकडं.

पहिली ओळ निळी होती: बदकं बघायची. ती तिने चांगल्या कागदावर सुबक उतरवली. दुसरी लाल: सकाळच्या बोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर. पेन कागदावर टेकलं आणि पुढे जाईना. आपली बोट, आणि तिच्यात बसणार ती? केस उडवत फोटो काढणार? मास्तरणीने त्या जागी लिहिलं: आराम.

मग पुढे सोपं झालं. लिहून होताच वही परत पाळण्याच्या पायाखाली गेली.

शनिवारी भिंगरी आली ती उड्या मारतच. भाचीचे पापे घेऊन झाल्यावर कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचू लागली.

"पहिला दिवस. बदकं. आराम. आइस्क्रीम. आराम. दुसरा दिवस. हिरवळीच्या उतारावरून लोळणे." ती खो खो हसली. "ताई, मी नवऱ्याबरोबर चाललेय की बालवाडीच्या सहलीला? आराम. परत आइस्क्रीम. आरा..." हसू मधेच विरलं. "थांब. बदकं माझी. उतार माझा. आइस्क्रीम दोन्ही वेळा माझं. एक तुझी, एक माझी होती ना? मग तुझ्या सगळ्या ओळींना काय झोप लागली?"

"मला माझं आठवलं नाही."

"आणि माझं आठवलं? तेही असं ओळीने?" भिंगरीने मान वाकडी केली. ठमीचा मोजा जमिनीवर पडला होता, तो उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. पाळण्याच्या पायाखालचा निळसर पुठ्ठा तिने बोटाने टोकरला. "हरवली म्हणालीस."

"म्हणाले."

"का पण?"

"कारण तू चाललीयेस!" मास्तरणीचा आवाज चढला, ठमी दचकली, म्हणून पुढचं सगळं तिला कुजबुजत भांडावं लागलं. "वीस वर्षं मी त्या वेळा दुरुस्त करतेय. तुला एकही ठाऊक नाही. तू एका सकाळी उठलीस आणि तिकिटं काढलीस. मी इथे केळं कुस्करतेय. जळतेय मी तुझ्यावर, समजलं? चांगली धूर निघेपर्यंत."

भिंगरी खाली फतकल मारून बसली. "मग नको जाऊ मी?"

"जा ना. पण माझं माझ्यासाठी ठेव. लाल ओळींना हात लावायचा नाही."

"अगं बाई, त्या शहरात बोट आणि डोंगर सोडून आहे काय?"

"बदकं आहेत."

दोघींनाही हसू आलं, पण मास्तरणीने शब्द मागे घेतला नाही. भिंगरीने तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "बरं. शप्पथ."

पुढच्या महिन्यात फोटो येऊ लागले. बदकं. आइस्क्रीम. उतारावरून लोळताना अर्ध्यात अडकलेले मेव्हणेबुवा. मास्तरीण ते मोठे करकरून कोपरे बघायची. बदकांच्या मागे डोंगराचा तुकडा होता, आइस्क्रीमच्या मागे एका पांढऱ्या बोटीचं टोक. ते टोक तिने इतकं मोठं केलं की नुसते चौकोन उरले.

तिसऱ्या सकाळी फोन वाजला. ठमी कडेवर होती.

"ताई, धक्क्यावर उभी आहे मी," भिंगरी म्हणाली. मागे पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. "सकाळची बोट लागलीये. सगळे चढले. हा म्हणतो, आइस्क्रीम खाऊन खाऊन घसा बसला, आता तरी चला. पण मी चढले नाहीये. तू म्हणशील तसं. जाऊ?"

अशा वेळी माणसाला काहीतरी मोठ्या मनाचं सुचायला हवं. मास्तरणीने वाट पाहिली. काही सुचलं नाही.

"नको जाऊस," ती म्हणाली.

"बरं."

तेवढंच. ना रुसवा, ना टोमणा. मग फोनमधून भोंगा वाजला, लांबलचक, आणि ठमीने मान उचलून फोनकडे टक लावून बघितलं. मास्तरणीला असा आनंद झाला, जसा बहिणीच्या वाटणीचा लाडू लपवून खाताना व्हायचा. आणि लाडवासारखाच तो पटकन संपला.

"गेली का?" तिने विचारलं.

"गेली. पांढरी आहे गं. खाली निळा पट्टा."

"लाल असेल."

"निळाच. मी बघतेय ना इथे."

मास्तरीण खुर्चीच्या कडेवर टेकली. "मागे फेस आहे?"

"खूप. आधी दोन रेघा, मग त्या पसरत पसरत एकमेकींत मिसळल्या. पाणी हिरवं आहे, झाडांमुळे. आता वळली. आता दिसत नाही."

"डोंगराआड गेली?"

"काय माहीत. इथून तेवढंच दिसतं."

ठमी फोन तोंडात घालायला धडपडत होती. मास्तरणीने तिला दुसऱ्या काखेत घेतलं.

"पुढची दहा पन्नासला आहे," ती म्हणाली.

"काय?"

"बोट. दहा पन्नास. तिने जा. आणि वळल्यावर काय दिसतं ते सगळं सांगायचं मला, गाळायचं नाही काही."

"ताई! खरंच?"

"पण डाव्या बाजूला बसायचं. उजवी माझी."

"उजवीकडून काय दिसतं असं?"

"मला काय ठाऊक? म्हणून तर ठेवायला सांगतेय."

भिंगरी हसू लागली. मागे मेव्हणेबुवा काय झालं, काय झालं म्हणून विचारत होते.

"आणि ह्याला कुठे बसवू?"

"मधे," मास्तरीण म्हणाली. "आणि उजवीकडे मान वळवताना दिसले, तर लगेच फोन कर."