चावी एक नग

"अरे भाई, चाबी किधर है?" भैय्यालालने विचारलं, आणि आम्ही समितीवाले तलावाच्या पाळीवर एकमेकांची तोंडं बघत उभे राहिलो. तो नगरपंचायतीचा बाबू. त्याच्या फॉर्मवर छापलेलंच होतं : तलाव एक, चावी एक नग.

गावाची ग्रामपंचायत बरखास्त झाली होती. सोमवारपासून आमच्यावर राज्य नगरपंचायतीचं. सगळं रीतसर सोपवायला गेल्या ग्रामसभेत हस्तांतरण समिती नेमली. अध्यक्ष सरपंच टेकचंदभाऊ. एक बाई हवी म्हणून धुरपताबाई. तिचं नाव मीच सुचवलं. म्हटलं, म्हातारी गप्प बसेल. कसली गप्प बसतेय!

नवरा गेल्यापासून आमच्या तलावाचं पाणी तीच वाटते. तलावाच्या तुडुमाला, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाला, चावी नसतेच मुळी. पाण्याखाली दगडाला भोकं आणि भोकांत लाकडी बुचं. बुडी मारायची, चाचपायचं आणि हवं ते बूच उपसायचं.

"चाबी नाई जी," धुरपताबाई म्हणाली. "तलाव तुमचा झाला ना? मंग उतरा पान्यात."

भैय्यालालने आपल्या बुटांकडे पाहिलं. टेकचंदभाऊंनी मोबाइल काढला.

"हरवली म्हनून लिव्हा अन् मोकळे व्हा," ते म्हणाले.

झालं, म्हातारी भडकलीच. "हरवली? कोनाच्या हातून हरवली? माह्या?"

तिने लुगडं खोचलं आणि सरळ पाण्यात शिरली. आम्ही नुसते ओरडत राहिलो. वर आली ती हातात वीतभर काळं लाकूड घेऊन. पाळीखालच्या पाटात पाणी धो धो सुटलं.

"हे घ्या चाबी. पन पयले लिव्हा, पयलं पानी शेवटच्या बांधीले."

आमच्या गावची रीतच ती. शेवटच्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, धान आधी भिजतो, तलावाजवळचा सगळ्यात शेवटी. नाहीतर वरचे पोटभर पितील आणि खालचे आभाळाकडे बघतील. सगळ्यात शेवटची बांधी माझी. धान निसवलेला, एका पाण्याची गरज. तरी ही रीत कागदावर घ्या म्हणून ग्रामसभेत मी तोंड उघडलं नव्हतं. लाज वाटली मला.

"ऐसा कॉलम नहीं है, बाई," भैय्यालाल म्हणाला.

"मंग चाबीबी नाई."

लाकूड काखेत मारून ती पाटाच्या कडेने चालू लागली. भैय्यालालने कागद माझ्यापुढे सरकवला. "ओमेशभाऊ, आप तो साइन करो."

मी पेन घेतला. रकाना नव्हता, म्हणून पूर्ण फॉर्मवर आडवं लिहिलं : पहिलं पाणी शेवटच्या बांधीला. खाली सही ठोकली.

"कागद खराब केला बे!" टेकचंदभाऊ ओरडले. "काऊन केला?"

"बाईचं नाव समितीत कायले घेतलं होतं मी?" मी म्हणालो. "गप्प बसाले?"

नवा कागद येईल, ठाऊक आहे मला. माझ्या सहीवाचूनही तलाव जाईल.

दिवस मावळताना बांधीवर गेलो. पाणी पोचलं होतं. धुरपताबाई कडेच्या धुऱ्यावर, बांधावर, बसली होती, लुगडं अजून ओलंच.

"भरली का रे?"

"आणखी चार बोटं पाहिजे, काकी. तुमी घरी जा."

"अन् तुडुम कोन बुजवन? तो बूटवाला?"

मांडीवरचं लाकूड पदराने पुसत ती पाण्याकडे बघत राहिली.