इनासची आखणी

"इनासकाका, हे डोळे उघडे कसे?"

फादर तुस्कानोंनी चादर बाजूला केली आणि पुतळ्याच्या तोंडाशी वाकून विचारलं. इनास ब्रश पुसत उभा होता. शाबासकी मिळणार या खात्रीनं त्यानं शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून ठेवली होती.

चर्चमागच्या खोलीत टेबलावर येशूचा लाकडी देह आडवा ठेवला होता. दर गुड फ्रायडेला तो क्रुसावरून उतरवायचा, पांढऱ्या कापडावर निजवायचा आणि लोकांनी रांगेनं येऊन त्याचे पाय चुंबायचे, ही इथली जुनी रीत. यंदा, चौऱ्याऐंशी साली, कपाट उघडून पाहिलं तर वाळवीनं चेहराच खाल्लेला. मुंबईहून नवा आणायला वेळ नव्हता. तेव्हा कुणीतरी फादरना सांगितलं, की आपल्यातच एक मूर्ती रंगवणारा आहे, आणि आपण त्याला कधी विचारलेलं नाही.

इनासनं तीन आठवडे खपून वाळवीनं खाल्लेल्या जागी लांबी भरली, घासूनपुसून नाक, ओठ, कपाळ पुन्हा वर आणलं आणि काल डोळे आखले. टपोरे, पाणीदार, समोरच्याकडे थेट बघणारे. डोळ्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त ते मेलेल्या माणसाचे नव्हते.

"हा मरण पावलेला ख्रिस्त आहे, काका."

इनासनं वाकून डोळ्यांकडे पाहिलं. "ध्यानातच आलं नाय बगा, फादर. हात गेला."

हात जाणारच. चौदाव्या वर्षापासून इनास हरिश्चंद्राच्या गणपती घडवायच्या शाळेत आखणीला बसायचा. मूर्ती घडवणारे वेगळे, रंग देणारे वेगळे. डोळे मात्र इनासचे. ब्रश टेकवण्याआधी तो छातीवर क्रूस करायचा आणि गिऱ्हाइकं म्हणायची, "करूदे, करूदे, डोळा झकास उतरतो त्याचा." लांज्यापासून संगमेश्वरापर्यंत कितीतरी घरांतले गणपती त्याच्या हातून जग बघायला लागले. पण दीड दिवसानं म्हणा, पाच दिवसांनी म्हणा, सगळे पाण्यात. चाळीस वर्षांच्या कामातलं दाखवायला एक बाहुलंदेखील उरलेलं नव्हतं. हा लाकडाचा देह तेवढा राहणार होता, आणि तोही त्याच्या स्वतःच्या देवळात.

"मग मिटवा ना," फादर म्हणाले. "आज बुधवार. परवा तीन वाजता लोक येतील."

"आखलेला डोळा आमी पुसत नाय, फादर."

"लोकांपुढं असा ठेवता येणार नाही, काका. नाही जमलं, तर यंदा नुसता क्रूस ठेवू. हा कपाटात राहील." फादर चिडले असते तर परवडलं असतं. ते इतकं हळू बोलले, की इनासला ते जास्त लागलं.

तो तडक हरिश्चंद्राकडे गेला. उन्हाळ्यात शाळा बंद असते. म्हातारा पडवीत पेंढ्यावर आंबे लावत बसला होता.

"दादा, माज्या हातनं घोळ जाला."

सगळं ऐकून हरिश्चंद्र खो खो हसला. "अरे, तुमचा देव तिसऱ्या दिवशी उठतो ना? तू दोन दिस आदीच उठवलास त्याला!"

इनास हसला नाही. "मिटलेला डोळा मी कदी आखलाच नाय, दादा. कारमेलीनचेबी मी मिटले नायत."

हरिश्चंद्राच्या हातातला आंबा हातातच राहिला. अकरा वर्षांपूर्वी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, इनासच्या बायकोचं जास्त झाल्याचा निरोप शाळेत आला होता. दारात माणसं पाट घेऊन ताटकळत होती. हरिश्चंद्र म्हणाला होता, "दोनच ऱ्हायलेत, आखून जा." इनासनं दोन आखले. घरी पोचला तेव्हा शेजारच्या मोनिकानं कारमेलीनचे डोळे मिटून, हातात रोझरी दिली होती. त्यानंतर या दोघांनी रोज एका काडीवर विड्या पेटवल्या, पण त्या दिवसाचं नाव कधी काढलं नाही.

"तुला थांबवायला नको व्हता मी," हरिश्चंद्र म्हणाला.

"मीबी थांबायला नको व्हतं."

हरिश्चंद्रानं हातातला आंबा पेंढ्यावर ठेवला. मग म्हाताऱ्यानं नाक शिंकरलं आणि नेहमीच्या उस्तादी आवाजात सांगितलं, "पुसू नको. पापनी वरनं ओढ. खालचा डोळा हाय तिथं ऱ्हावदे. कोनाला दिसनाराय? तुला ठावं, त्याला ठावं."

इनास परत आला, खोलीचं दार लोटलं आणि अंगाचा रंग कालवला. क्रूस केला. उजवी पापणी सरळ उतरली. डावी उतरवताना मात्र तो उरलेला डोळा त्याच्याकडे बघत होता, वाट बघून थकलेलं माणूस बघतं तसा. त्यानं रंग भरला, ब्रश बाजूला ठेवला, आणि काही कळायच्या आत त्याचा अंगठा ओल्या पापणीवरून वरून खाली फिरला, सावकाश, जसा मेलेल्या माणसाच्या डोळ्यांवरून फिरवतात, आणि पापणीच्या कडेला टेकून थांबला. मग तो स्टुलावर बसला आणि रडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा पोटभर रडला.

शुक्रवारी दुपारी चर्च भरलं होतं. त्या दिवशी घंटा वाजवत नाहीत. त्याऐवजी लाकडी पट्ट्यांची टाळी वाजली आणि देह खाली आणला गेला. फादरनी जवळून पाहिलं आणि बाजूला उभ्या असलेल्या इनासला हळूच बोलावलं.

"काका, डाव्या पापणीवर अंगठ्याचा ठसा राहिलाय. नंतर ब्रश फिरवाल का?"

"नको, फादर. ऱ्हावदे."

फादरनी ठशाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि लोकांना पुढं यायची खूण केली.

रांग सरकू लागली. मोनिका पाय चुंबून उठली आणि मागच्या बाईला म्हणाली, "गाढ झोप लागलीय गो बिचाऱ्याला." तिच्यामागून हरिश्चंद्र आला. चपला त्यानं बाहेर काढल्या होत्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्यानं पायांवर डोकं टेकलं, उठताना चेहऱ्याकडे कारागिराच्या नजरेनं बघून घेतलं, आणि इनासकडे बघून फक्त मान हलवली. चाळीस वर्षांत म्हाताऱ्यानं कुणाच्या कामाला एवढी दाद दिली नव्हती.

इनास सगळ्यांत शेवटी उभा राहिला होता, पण त्याच्याही मागे एक उशिरा आलेली म्हातारी येऊन थांबली. पाळी आली तेव्हा त्यानं पाय चुंबले, आणि मग दोन पावलं पुढं होऊन उशाशी वाकला. रंग वाळला होता. त्यानं ठशावर अंगठा ठेवला. तो बरोबर बसला.

मग म्हातारीला जागा द्यायला तो बाजूला सरकला.