ओलेटाच्या हातचा शेवटचा किडा

मी एक खोटा किडा. नदीच्या तळाशी दगडांना चिकटून राहणारं, अजून पंख न फुटलेलं स्टोनफ्लाय माशीचं पिल्लू असतं ना, त्याची नक्कल. आत गळ, त्यावर शिशाची तार, वर काळी लोकर, पाठीवर टर्कीच्या पिसाचा तुकडा, शेपटीला रानबदकाच्या पिसाच्या दोन काड्या. ट्राउट मासा फसावा, एवढ्यासाठी माझा जन्म.

मला बांधलं ओलेटानं. मोंटानातला हिवाळा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाला चिमटा लावून, त्यात गळ धरून किडे बांधत काढायची. शेजारी कात्री असली तरी धागा तोडायची दातांनीच. प्रत्येक किड्याच्या मानेला ती तांबड्या धाग्याचा एक वेढा द्यायची. तो माशासाठी नव्हता. दुकानातला कुठला नि घरचा कुठला, हे नवऱ्याला, वेंडेलला, कळावं म्हणून होता.

"तू इतकी खपतेस, नि हा जाऊन दगडात घालवून येतो," तिची बहीण मेव्हिस म्हणायची.

"घालवायलाच हवेत. एकही हरवला नाही तर समज, हा तळापर्यंत टाकतच नाही. नुसता काठावर बसून सँडविच खातो."

रीतच आहे ती. आम्ही तळ घासत जायचं, कधीतरी दगडात अडकायचं, मग माणसानं झटका द्यायचा. आम्हाला बांधायचा शेवटचा दोरा मुद्दाम बारीक ठेवतात तो त्यासाठीच. दोरा तुटतो, किडा जातो, माणूस घरी येतो.

मी तयार झालो त्याच आठवड्यात ओलेटा मेंदूतल्या रक्तस्रावानं गेली. चिमट्यात दुसरा गळ अर्धवट गुंडाळलेला राहिला. वेंडेलनं तो काढला नाही. जेवताना ताट जरा बाजूला सरकवून घ्यायचा, इतकंच.

वसंतात डबीतले माझे भाऊबंद एकेक करून दगडांत गेले. जूनमध्ये मी एकटा उरलो.

"हा राहू दे घरी. काचेत लाव," मेव्हिस म्हणाली.

"काचेत लावायला नाही बांधला तिनं."

हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मग त्यानं मला जाड दोरा बांधला. मेव्हिसनं तो गाडीतच पाहिला.

"हा दोरा आहे का गाईचं दावं?"

"तुटणार नाही."

"तेच म्हणतेय मी."

डोंगरावरचं बर्फ वितळून नदी फुगली होती. काठच्या झुडपांवर खरे किडे चढून कात टाकत होते. वेंडेलनं मला मधल्या मोठ्या खडकाजवळ टाकलं आणि मी अडकलो. त्यानं झटका दिला. पुन्हा दिला. दोरा ताणून ताणून थरथरला, पण तुटला नाही. तूट रे बाबा, असं मी मनात म्हणत होतो.

"काप तो, वेंडेल," काठावरून मेव्हिस ओरडली.

दोरा कापायचं नेलकटर त्याच्या छातीवरच लटकत होतं. त्यानं ते धरलं आणि सोडलं. मग तो पाण्यात उतरला.

पाय चाचपत चाचपत तो माझ्या पलीकडे, प्रवाहाच्या वरच्या बाजूला आला, ओढलं, आणि मी लगेच सुटलो. त्यानं मला मुठीत घेतलं.

"आता तसाच मागे मागे ये," मेव्हिस म्हणाली. "वळू नकोस."

जोराच्या पाण्यात वळायचं नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वेंडेलला तर चांगलंच ठाऊक होतं. पण त्याला ती मूठ तिला दाखवायची होती.

"आला बघ तिचा," असं म्हणत तो वळला आणि पाण्यानं त्याला आडवा उचलला.

काठाची एक फांदी माझ्याच बाजूनं गेली, अगदी हाताजवळून. ती धरायला मूठ उघडायला हवी होती. ती त्यानं उघडली नाही.

खाली पुलापाशी तो सापडला तेव्हा मी त्याच्या तळहातात रुतलेलो होतो. कुणीतरी म्हणालं, पुरताना हा त्याच्या कोटाच्या खिशात ठेवू, बरोबर जाऊ दे. मेव्हिस म्हणाली, "काही गरज नाही. बहिणीच्या हातचं आहे, मी बघते."

पानगळीत पाणी उतरल्यावर ती मला घेऊन त्याच खडकापाशी आली. चष्मा लावून तिनं घरातला सगळ्यात बारीक दोरा मला बांधला. पहिल्याच फेकीला एका दांडग्या ट्राउटनं मला गिळलं. "तू कशाला मध्ये कडमडतोस रे मेल्या," म्हणून तिनं त्याला हळूच सोडवलं आणि मला पुन्हा टाकलं. मी अडकलो. तिनं दोऱ्याचा एक वेढा हाताभोवती घेतला.

"ओलेटा, गेला गं तुझा," ती म्हणाली आणि तिनं झटका दिला.

आता मी तळाशी आहे. गळ गंजतोय, लोकर कुजतेय, तांबडा वेढा फिका पडलाय. खरे किडे अंगावरून चालत जातात, त्यांना मी आपल्यातलाच वाटतो. माझं मागणं एवढंच आहे: गेलेल्या माणसाच्या हातचं काही पाण्यात नेणार असाल, तर खुशाल न्या, पण दोरा बारीक बांधा.