पाच नावांच्या राजाला शिंक येते

देवळाच्या चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या राजाचा दगडी पुतळा बोलू लागला होता! बायका डफ बडवत होत्या, बाप्ये जवाची बिअर ढोसून नाचत होते आणि पुजारी उन्नेफर राजाची पाचही नावं घोळवून घोळवून म्हणत होता, "ससाणा होरस! दोन देवींचा लाडका! सोन्याचा ससाणा! लव्हाळ्याचा अन् मधमाशीचा धनी! सूर्यपुत्र!"

"वैद्यबाई, आता राजाच दुखणी पळवणार, तुमच्या काढ्यांना सुट्टी!" हुन्रो कुंभारीण तामितच्या कानात ओरडली. हसता हसता तामितलाही ठेका धरावासा वाटला. तेवढ्यात पुतळ्याच्या उघड्या तोंडातून आवाज घुमला.

"कारभारी पेन्तू माझा वंशज आहे. त्याला सूर्यपुत्र म्हणा. कालव्याचं सगळं पाणी त्याच्या द्राक्षमळ्याला सोडा! ख्वँक!"

चौक गुडघ्यांवर बसला. पेन्तूने लाजल्यासारखं केलं.

हुन्रोचा चेहरा मात्र उतरला. "अगं बाई, मग खालच्या वाडीचं जवस वाळणार. पण राजाच म्हणतोय म्हटल्यावर..."

तामितच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. सूर्यपुत्र हे नाव साऱ्या देशात एकाचंच, सिंहासनावर बसलेल्याचं. युवराजालासुद्धा ते मिळत नाही, मग कारभाऱ्याला कुठून मिळणार? आणि ते 'ख्वँक'? त्या खोकल्याला ती तीन आठवडे मध चाटवत होती!

ती पुढे झाली. "पुजारीबुवा, महाराजांना खोकला झालाय. औषध देते."

"वेडी आहेस का? दगडाला कसला खोकला!"

"दगड बोलतो, मग खोकेल का नाही?"

"द्या, द्या औषध!" लोक खिदळले.

नाक मोकळं करायची पूड तिने पोकळ बोरूत भरली आणि पुतळ्याच्या तोंडात जोरात फुंकली.

आक्छी! आक्छी! आक्छी! लव्हाळ्याचा अन् मधमाशीचा धनी सात वेळा शिंकला आणि किंचाळला, "मेलो गं आई! वैद्यबाई, वाचवा!"

हुन्रोने पुतळ्यामागचा पडदा ओढला. आत अंधाऱ्या खोलीत तामितचा तोच खोकणारा रोगी, देवळाचा गवई इपी बसला होता, डोळ्यांतून धारा, हातात मातीची लांब नळी. नळीचं दुसरं टोक भिंतीतून थेट राजाच्या तोंडात.

"पेन्तूसाहेब म्हणाले, मुख्य गवई करतो," इपी शिंकत म्हणाला.

पेन्तू आणि उन्नेफर मागच्या दारानं केव्हाच पसार झाले होते. लोक हसून हसून लोळले. हुन्रो नळीला तोंड लावून गरजली, "मी सूर्याची थोरली लेक! माझी मडकी घ्या!" तशी नळीसाठी रांगच लागली.

तामितने इपीच्या डोळ्यांवर पाणी मारलं आणि वळून म्हणाली, "हसा, पोटभर हसा. पण गुडघे टेकायच्या आधी एवढं विचारत जा: हे खरं मानलं तर फायदा कुणाचा? आणि उठून पुतळ्याच्या मागे बघून या. बघितल्यानं कुठलाही देव रागावत नाही. रागावतो तो मागे लपलेला माणूस."